ओहायोवाल्यांना इंग्रजांचा विनोद समजावताना

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१०
ओहायोहून दोघं आली आहेत, डोरीन आणि टॉड. सहा महिने आमच्या हायडेलबर्गच्या ऑफिसात. वर लंडनला नायजेल, आम्हा सगळ्यांचा साहेब. लंडन आणि अमेरिका यांचं एकमेकांशी जमत नाही, म्हणून मध्ये एक माणूस नेमणार. पोस्टिंग वर्षभर लंडनला. कोणाला, हे उघडच आहे. इंग्रजांच्या विनोदी मालिका मी शाळेपासून बघतोय. सटल विनोद कळणारा आख्ख्या कोथरूडमध्ये मी एकटा होतो. फार एकटं वाटायचं.
संकल्प: रोज एक एपिसोड. वहीत नोट्स.

४ फेब्रुवारी, मंगळवार
एपिसोड राहिला. लेकीच्या, अन्वीच्या शाळेत एल्टर्नआबेंड होता, म्हणजे पालकसभा. पालकांनी छोट्या खुर्च्यांवर दोन तास गप्प बसायचं.
दुपारी कॅन्टीनमध्ये डोरीन भेटली. सध्या एक ब्रिटिश मालिका बघतेय. गावातल्या तरणतलावाचा मॅनेजर, त्याचे उपद्व्याप. म्हणाली, चार एपिसोड झाले, हसायचं कुठे ते कळत नाही. मागून हसण्याचे आवाजच येत नाहीत. इंग्रजी असून इंग्रजी सबटायटल्स लावते. हा माणूस सुधारणार कधी, असं विचारलंन. मी म्हटलं, तो सुधारत नाही. मग बघायचं कशाला, म्हणाली.
बिचारी. हिला मदतीची गरज आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार
एपिसोड नाही. त्याऐवजी अमेरिकनांसाठी ब्रिटिश स्लँगची यादी केली. चाळीस शब्द. चफ्ड म्हणजे खूश. नॅकर्ड म्हणजे थकलेला. पँट्स म्हणजे भिकार. पिस्ड म्हणजे प्यायलेला. नायजेलला पाठवली. दहा मिनिटांत उत्तर: “क्वाइट गुड, पद्माकर. अ व्हेरी ब्रेव्ह आयडिया.”
बायकोला, मुक्ताला तीनदा वाचून दाखवलं. तिने विचारलं, जेवायला वाढू का.
लंडनमधल्या शाळा बघून ठेवल्या. अन्वीला अजून सांगितलेलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार
आजच्या मीटिंगमधून टॉड मध्येच उठून गेला. मी तेव्हा दुसऱ्या कॉलवर होतो. नंतर डोरीनचा मेसेज, की टॉड मीटिंगमध्ये पिस्ड होता. सकाळी दहा वाजता! यादी उघडून खात्री केली. शब्द क्रमांक एकतीस. एवढा शांत मुलगा. त्या मोठ्या कॉफीच्या मगमध्ये काय असतं, हा प्रश्न मला आधीच पडायला हवा होता.
नायजेलला माणुसकीच्या भाषेत कळवलं. शिक्षा नको, आधार द्या, असं लिहिलं. मध्यस्थाचं काम हेच असतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार
अमेरिकेत पिस्ड म्हणजे चिडलेला.
हे कुणी आधी सांगायला हवं होतं. नायजेलने एचआरला फोन केला, एचआरने बेट्रीब्सराटला, म्हणजे आपल्या कामगारांच्या समितीला. त्यांच्या बाईंनी टॉडला खोलीत बसवून व्यसनमुक्तीची तीन पत्रकं दिली, तीही जर्मनमध्ये. टॉड धार्मिक घरातला. त्याने आयुष्यात बिअरलासुद्धा हात लावलेला नाही.
माझा शब्द बरोबर होता, देश चुकला.
टॉडची माफी मागितली. तो म्हणाला, ठीक आहे, पण आता मात्र मी खरंच पिस्ड आहे. कोणत्या अर्थाने ते विचारलं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार
भरपाई म्हणून दोघांना दुपारी घरी बोलावलं. साबुदाणावडे आणि तरणतलावाचा मॅनेजर. दर दोन मिनिटांनी थांबवून समजावत होतो, त्यामुळे अठ्ठावीस मिनिटांचा एपिसोड दोन तास चालला. टॉड काहीतरी विचारत होता, पण प्रश्न शेवटी घेऊ म्हटलं. शेवटी वेळ उरला नाही.
मर्म मात्र छान मांडलं. म्हटलं, तुमच्याकडे हिरो धडा शिकतो. इंग्रजांकडे तो काही शिकत नाही. त्याला वाटतं आपण सगळ्यांना शिकवतोय. लोक हसतात आणि त्याला वाटतं, कौतुक चाललंय.
डोरीन मुक्ताकडे बघून म्हणाली, “त्याच्या घरचं कोणी त्याला सांगत नाही का?”
मुक्ता घाईने किचनमध्ये गेली. वडे करपत असावेत. टॉड इतका हसला की ठसका लागला. म्हणजे विनोद पोचला. प्रयोग यशस्वी.

२० फेब्रुवारी, गुरुवार
अन्वी इंग्रजीचा गृहपाठ करत होती. यादीवरचं नायजेलचं उत्तर तिलाही दाखवलं. ती जर्मनमध्ये म्हणाली, ब्रिटिश माणसाचं क्वाइट गुड म्हणजे जेमतेम, आणि ब्रेव्ह म्हणजे वेडेपणा. बाईंनी वर्गात सांगितलंय. मी म्हटलं, तुमच्या बाई मानहाइमच्या, त्यांना काय कळतंय.
बाई मँचेस्टरच्या आहेत.
आल्झो, म्हणजे थोडक्यात काय, प्रत्येक ठिकाणची भाषा वेगळी असते. नायजेल लंडनचा.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी ६
पोस्ट टॉडला मिळाली. नायजेलने सगळ्यांना लिहिलंय, की टॉडला जे कळत नाही ते तो विचारतो, आणि या कामाला तेच लागतं.
अभिनंदन केलं. त्याने विचारलं, चफ्ड म्हणजे खूश ना? म्हटलं, हो. म्हणाला, मग मी चफ्ड आहे. यादीचा उपयोग झाला.
मुक्ताला सांगितलं. तिने चहा ठेवला. दोनदा आलं किसलंन.
अन्वी बाहेर सोफ्यावर तीच मालिका बघत होती. मी शेजारी बसलो. मॅनेजर रिकाम्या तलावाकाठी उभं राहून निरोपाचं भाषण करत होता. अन्वी खो खो हसली. मीही हसणार होतो, पण कशाला ते कळेना. लहानपणीच्या मालिकांमध्ये मागे लोक हसायचे. ते हसले की मी हसायचो. घरात पहिला हसणारा मीच असायचो.
मग म्हटलं, “अन्वी, यात हसण्यासारखं काय होतं गं?”
तिने माझ्याकडे बघितलं. थट्टा नाही केली. एपिसोड मागे नेला आणि समजावून सांगायला लागली, जर्मनमध्ये, हळू, एकेक वाक्य सुटं करून. बरंचसं कळलं.