हेल्पमधली खालची ओळ

सर, आज ऑफिसात भांडून आले आणि घरी चहा टाकताना तुमचीच आठवण झाली. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. नरडाण्याहून एसटीने धुळ्याला येणारी, कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये तुमच्या तासाला पुढच्या रांगेत बसणारी मुलगी तुमच्या लक्षात होती की नाही, कोण जाणे. मला मात्र तो दिवस स्वच्छ आठवतो. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करून फायलींमधला एक शब्द शोधायचा होता. ती कमांड कशी वापरायची हे सांगणारी हेल्प मी उघडली, पुन्हा पुन्हा वाचली, आणि शेवटी विचारलं, "सर, हे कळत नाहीये." तुम्ही म्हणालात, "वाचता येतं ना? मग मोठ्याने वाच." मी उभी राहून ते इंग्रजी वाचते आहे, मागे मुलं हसताहेत, तुम्ही खिडकीबाहेर बघताय. "आता कळलं?" मी "हो" म्हणाले. कळलं काहीच नव्हतं. त्यानंतर तुमच्या तासाला मी तोंड उघडलं नाही.

पुढे एकदा दुपारी वीज गेली, तेव्हा आपण सगळे पायऱ्यांवर डबे उघडून बसलो. तुम्ही ज्वारी-उडदाची, कळण्याची भाकरी मोडून आमच्यापुढे केलीत आणि वर्गात कधी न बोललेल्या अहिराणीत म्हणालात, "माले कोन्ही शिकाडं नही. बठ्ठं वाचीसनच शिकनू." कुणी न शिकवता सगळं वाचूनच शिकल्याचा अभिमान होता त्यात. मला वाटलं, एवढं सोसलंय तर आम्हाला तरी सांगा ना. पण नुसती भाकरी खाल्ली.

आता मी जळगावला एका छोट्या कंपनीत आहे. आमच्याकडे तसंच एक शोधायचं साधन आहे, आमच्याच लोकांनी बनवलेलं. महिन्याभरापूर्वी सावद्याची एक नवीन मुलगी कामाला लागली. एका ग्राहकाचा पत्ता बदलला होता; जुना पत्ता फायलींत कुठे कुठे उरलाय ते तिला शोधायचं होतं. साधनाने काहीच दाखवलं नाही, म्हणून तिने कळवलं, "कुठेच नाही." पत्ता होता, एका लपलेल्या, म्हणजे यादीत एरवी न दिसणाऱ्या फायलीत. हे साधन लपलेल्या फायलींत बघतच नाही, त्यासाठी कमांडमध्ये वेगळं सांगावं लागतं. तो बदलायचा राहिल्याने ग्राहकाचं काम बंद पडलं आणि सगळ्यांदेखत बोलणी तिने खाल्ली. "ताई, मी शोधलं होतं हो," एवढंच ती म्हणत राहिली.

मी हेल्प उघडून बघितली. ती गोष्ट होती तिथे, पार खाली, पर्यायांच्या जंजाळात, अर्ध्या ओळीत. मी ती वर आणली, सरळ भाषेत लिहिली, खाली चार उदाहरणं दिली. वरिष्ठांनी परत पाठवलं. लांबी कमी केली, पुन्हा परत. आज मी त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. ते म्हणाले, "सगळं लिहिलेलं आहे. लोक वाचत नाहीत, त्याला आपण काय करणार?"

"वाचलं तरी सापडत नाही, सर."

"ज्याला काम येतं त्याला सापडतं."

"ज्याला येतं त्याला हेल्प लागतेच कशाला?"

त्यांनी माझी हेल्प पडद्यावर उघडली. मग लपलेल्या फायलींची ओळ वर ठेवली आणि उदाहरणं सगळी काढून टाकली. म्हणाले, "एवढं पुरे. आम्ही उदाहरणं बघून शिकलो का?" मी जागेवर येऊन बसले. सावद्याची मुलगी नवी हेल्प वाचत होती. वाचून म्हणाली, "ताई, आता कळलं की काहीतरी वेगळं टाकायचं असतं. पण नक्की टाइप काय करायचं?"

काढलेली उदाहरणं मी तिला वेगळी पाठवली. बाकीच्यांना कोण पाठवणार? एकाने खस्ता खाल्ल्या म्हणून पुढच्यानेही खायच्या, ही कुठली रीत, सर? तुम्ही असतात तर आज हे तोंडावर विचारलं असतं.

हे कुठे पाठवायचं नाहीये. तुमच्या घरचा पत्ताही मी कधी विचारून घेतला नव्हता. पण एक सांगते. ती उदाहरणं लिहून झाली तेव्हा त्यात चूक राहिली नाही ना, हे कुणाकडून तरी तपासून घ्यावंसं वाटलं, आणि तुमच्याशिवाय दुसरं कुणी मला सुचलं नाही.