जग संपल्यानंतरचं आमचं घर

ती. साडूभाऊ,

तुमच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आणि गेले सात महिने स्वतःचा चहा स्वतः करून पिणाऱ्या साडूचा नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? ताईंचा खोकला गेला का? तुमच्या मेहुणीबाई, म्हणजे आमच्याकडून तुमच्याकडे 'चार दिवसांसाठी' आलेल्या, त्यांची तब्येत मी विचारत नाही, कारण परवा फोनवर त्यांनी 'मी अगदी मजेत आहे' असं मला तीनदा ऐकवलं. (एकदाच म्हणाली असती तर मी जास्त घाबरलो असतो.) पत्राला कारण तसं काही नाही. मी एका सिनेमात काम केलं, तेवढं कळवावं म्हटलं.

आमच्या भांडणाची एक बाजू तुम्ही सात महिने रोज जेवताना ऐकत असाल. दुसरी थोडक्यात सांगतो. चाळीस वर्षं मी लोकांचे रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त केले. दुकान बंद केलं तेव्हा जे संच कुणी परत न्यायला आलंच नाही, ते मी घरी आणले. उद्या एखादा पावती घेऊन दारात उभा राहिला तर त्याला काय तोंड दाखवायचं? (आजवर एकच गृहस्थ आले, तेही पत्ता चुकून.) संच आधी गॅलरीत होते, मग बैठकीच्या खोलीत आले, मग जेवायच्या टेबलावर. एका सकाळी तुमच्या मेहुणीला हातातलं ताट ठेवायला जागा मिळेना, तेव्हा तिनं उभ्याउभ्याच विचारलं, की या घरात हे खोके राहणार की मी? आता साडूभाऊ, प्रश्न विचारला की माणूस विचार करतो. मला अर्धं मिनिट लागलं. देवाशपथ सांगतो, मी एवढाच विचार करत होतो की यात तिच्या माहेरचा रेडिओ धरायचा की नाही. पण तोवर तिची बॅग भरून झाली होती.

असो. आमच्या खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर आहेत. माणूस सज्जन, हात हलका, पण दर सुट्टीला सिनेमा काढायचं वेड. यंदाच्या सिनेमाची गोष्ट अशी, की जग संपलेलं आहे. उरलीसुरली माणसं डोळ्यांवर एक खोका बांधून बसतात. खोक्यात त्यांना जुनं, छान जग दिसतं आणि ती दिवसभर तिथंच रमतात. खोका काढला की समोर सगळा विध्वंस, आणि त्यात हिंडणारी अर्धमेली माणसं. याला व्हर्च्युअल रिॲलिटी म्हणतात, हे डॉक्टरांनी मला समजावलं तेव्हा मी त्यांच्या खुर्चीत आडवा होतो आणि माझ्या तोंडात त्यांचे दोन्ही हात होते. त्यामुळे खोक्यातल्या म्हाताऱ्याचं काम तुम्हीच करा आणि शूटिंग तुमच्याच घरी करू, या दोन्ही गोष्टींना माझा होकार आहे असं त्यांनी धरून चालायला हरकत नव्हती.

खर्च करायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. खोके बुटांचे, आतून काळा रंग दिलेले, मागे पायजम्याचं इलॅस्टिक. दिवा खुर्चीवरचाच. राक्षसाचा आवाज म्हणून दात कोरायचं यंत्र. अर्धमेली माणसं म्हणून त्यांनी पेशंटच घेतले, आणि तेही दाढ काढल्यावर लगेच, जबडा बधीर असतानाच. (ओठाच्या एका कोपऱ्यातून लाळ आणि दुसऱ्यातून आरोळी. असा अभिनय शिकवून येत नाही.) नायिका म्हणजे दवाखान्यात नंबर लावणाऱ्या बाई. जगाच्या शेवटावर रडता रडता त्यांनी दोनदा फोन उचलून 'डॉक्टर आज नाहीत, मंगळवारी या' असं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, राहू दे, अंगावर काटा येतो.

आता माझी चूक. डॉक्टर घर बघायला आले. दारातच थबकले, सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाले, की काका, अगदी अस्संच हवं होतं, काहीसुद्धा हलवू नका. मला वाटलं, खोक्यात दिसणाऱ्या छान जगासाठी आमचं घर पसंत पडलं. आणि 'काही हलवू नका' हे तर सगळेच म्हणतात. तुम्ही नाही का येण्याआधी कळवत, की मुद्दाम काही करू नका म्हणून? आणि आम्ही काहीच केलं नसतं तर ताईंनी आयुष्यभर लक्षात ठेवलं नसतं का? तेव्हा मी तो निरोप रीतीप्रमाणे उलटा घेतला आणि कामाला लागलो. चार दिवस राबलो. संच खाली नेले, टेबल मोकळं केलं, खिडक्या पुसल्या. खिडकीतून समोरच्या इमारतीचं घड्याळ दिसतं, हे मी विसरूनच गेलो होतो. रविवारी सकाळी फरशी ओली पुसून घेतली आणि स्वच्छ शर्ट घालून दार उघडलं.

डॉक्टरांनी आत येऊन टेबलाखाली वाकून बघितलं. मग एवढंच म्हणाले, की काका, माझं जग कुठं गेलं? त्यांच्या हातातल्या कागदावर मी वाचलं. 'प्रसंग चौथा. जग संपून वीस वर्षं झाली आहेत. म्हाताऱ्याचं घर.' खाली पेन्सिलनं लिहिलं होतं, 'सजावटीची गरज नाही.' साडूभाऊ, तुमच्यापासून काय लपवायचं, मला फार लागलं. तुमची मेहुणी इतकी वर्षं जे सांगत होती ते मी तिची कटकट म्हणून सोडून दिलं, आणि तेच एका परक्या माणसानं पेन्सिलनं लिहिल्यावर मला दिसलं. ती त्या घरात राहत होती, हेही तेव्हाच दिसलं.

पण वाईट वाटून घ्यायला सवड नव्हती. खालून थोडे संच आणून पुन्हा पसारा मांडायचा आम्ही प्रयत्न केला, पण तो काही केल्या पसारा दिसेना, प्रदर्शन दिसायला लागलं. (चाळीस वर्षांची सवय, मी नकळत त्यांचा आकारानुसार क्रम लावत होतो.) शेवटी ते परत खाली पाठवले आणि डॉक्टरांनी कवळीचे साचे करायचं प्लास्टर आणून धूळ म्हणून फरशीवर भरपूर उधळलं. फरशी मी नुकतीच ओली पुसली होती, हे मी त्यांना सांगणार होतो. दहा मिनिटांत धूळ दगड झाली. नंबर लावणाऱ्या बाईंची डावी चप्पल आमच्या बैठकीत अजून आहे. पेशंटांचे जबडेही एव्हाना जागे झाले होते आणि ते चहा मागायला लागले. तेव्हा डॉक्टर म्हणाले, की निदान काकांचा प्रसंग तरी घेऊ.

माझा प्रसंग सोपा होता. खोका घालून बसायचं. आत मला माझी बायको दिसते, असं समजून हसायचं. मग खोका काढायचा, उजाड घर बघायचं आणि किंचाळायचं. मी खोका घातला. आत बुटाच्या चामड्याचा वास आणि अंधार, दुसरं काही नाही. पण का कोण जाणे, ती दिसली. फडकं घेऊन उभी होती आणि विचारत होती, की हा एक संच तरी उचलू का? मी मान हलवून हो म्हणालो. (हे कागदावर नव्हतं.) मग खोका काढला. समोर फरशीवरचं प्लास्टर सोडलं तर स्वच्छ घर, मोकळं टेबल, दोन खुर्च्या आणि कुणी नाही. किंचाळायचं राहूनच गेलं. मी नुसता टेबलाकडे बघत बसलो आणि माझ्या तोंडून निघालं, 'अगं, आता ठेव की ताट.'

डॉक्टरांनी ते तसंच ठेवलं. गेल्या रविवारी सकाळी दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत आम्हा अकरा जणांना सिनेमा दाखवला. राक्षस आला तेव्हा लोक पोट धरधरून हसले, यंत्राच्या आवाजाला दोघं खरंच घाबरून घरी गेले, आणि माझ्या प्रसंगाला नंबर लावणाऱ्या बाईंनी वाजणारा फोन उचलला नाही. डॉक्टर पुढच्या सिनेमातही मला काम देणार आहेत. त्यात मी मेलेला आहे, त्यामुळे पाठांतर नाही.

गुडघ्याला जपा. ताईंना नमस्कार.

तुमचा,
एकटा साडू

ता. क. सोबत बुटाचा खोका पाठवतोय. त्यात मी जुन्या यंत्रातली दोन भिंगं बसवलीत आणि समोर आमच्या बैठकीचा आत्ताचा फोटो लावलाय. डोळ्यांना लावलं की अगदी दारात उभं राहिल्यासारखं दिसतं. घरात कुणाला बघावंसं वाटलं तर बघू द्या. आग्रह नाही.

ता. क. दुसरं. फोटोत गॅलरी आलेली नाही. ती मुद्दामच घेतली नाही. चार संच तिथं अजून आहेत, आणि बाकीचे डॉक्टरांच्या जिन्याखाली. खोटं जग दाखवल्याचा ठपका नको.

ता. क. तिसरं. एक विनंती आहे. हे पत्र तुमचं वाचून झालं की टेबलावर उघडंच ठेवा आणि ताईंना घेऊन जरा फिरून या. तुमच्या मेहुणीला दुसऱ्याची पत्रं वाचायची सवय आहे, हे मला लग्नाआधीपासून ठाऊक आहे. (मी तुमचा नुसता मित्र असताना तुम्हाला लिहिलेली सगळी पत्रं तिनं वाचली होती, म्हणून तर लग्नाला हो म्हणाली.)

अगं, तुझ्या माहेरचा रेडिओ मी दुरुस्त केला. खरखर आहे, पण बोलतो. गॅलरीतले चार संच तू सांगशील तिथं टाकीन. तोच प्रश्न पुन्हा विचारायचा असेल तर इथं येऊन विचार. ताट ठेवायला जागा आहे, आणि या खेपेला मला अर्धं मिनिट लागणार नाही.