मेडशीच्या वाटेवरची धर्मशाळा

मामाजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी वैशाखात आभाळ काळवंडलं की माझे डोळे आधी छपराकडे जातात. त्या वर्षीच्या वैशाखातल्या वादळानं आपल्या धर्मशाळेच्या छपराचे कवेलू शेतभर उधळले. कडुलिंब स्वयंपाकघरावर आडवा झाला, चुलीत गारांचं पाणी साचलं. रिसोडच्या बाजाराला पायी जाणाऱ्यांसाठी तुम्ही स्वतः उभारलेल्या त्या दोन खोल्या आणि पडवी. तुमचा मुलगा, माझा नवरा, जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. गावातले म्हणाले, आता सडकेनं मोटार धावते, पायी कोण येतं, राहू द्या. त्यातच माझा भाऊ बैलगाडी जुंपून मला न्यायला आला.

भावाच्या घरात माझी जागा कोणती असेल, ते मला ठाऊक होतं. पण विधवेला विचारतं कोण? तुम्ही आणि मी तर एकमेकांशी कधी सरळ बोललोही नव्हतो. दाराआडून ताट सरकवायचं, एवढंच. त्या सकाळी तुम्ही भावासमोरच मला हाक मारता. मी पदर सावरून उंबऱ्याशी येते. तुमच्या हातापायांना चिखल आहे.

"पोरी, तुले जावंसं वाटत असन तं जाय, म्या अडवत नाई," तुम्ही म्हणता. "पन तू राह्यली तं हे पुन्हा उभं करू. मले एकट्याले जमत नाई."

भाऊ मध्ये बोलू लागतो. तुम्ही त्याला हातानं थांबवता आणि म्हणता, "तिले इचारलं म्या."

"मी नाई जात, मामाजी," एवढंच मी बोलले. भाऊ न जेवता गेला.

मग आपण दोघं कवेलू वेचत हिंडलो. मळ्यातल्या बाया तुराट्यांचे भारे घेऊन आल्या, कूड बांधले, मी शेणामातीनं लिंपले. पडलेल्या कडुलिंबाचेच वासे झाले. मृगाच्या तोंडावर घोंगड्या विकणारं एक जोडपं आलं. धर्मशाळा मोडली असं त्यांना वाटेत कोणी सांगितलं होतं, तरी बघून जावं म्हणून ती दोघं वळली होती. त्यांना मी तुरीचं वरण आणि गरम भाकरी वाढली. तुमच्यासाठी मी वेगळी मऊ भाकरी ठेवली होती, त्यावरून तुम्ही रागावलात. इथं सगळ्यांना सारखंच, म्हणालात.

तरणी विधवा परक्यांना रांधून घालते, अशी कुजबुज गावात झाली. तुम्ही कुणाशी भांडला नाहीत. खाट दारात आणून टाकलीत आणि शेवटपर्यंत तिथंच बसलात. तुमच्यामागं ही चूल मी चालवली. वाटसरू मला आजी म्हणू लागले. भावाच्या कोपऱ्यात मला या नावानं कुणी हाक मारली असती का, कोण जाणे.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. मी तुमच्यावर दया करून राहिले, असं तुम्हाला अखेरपर्यंत वाटत होतं. तसं नव्हतं, मामाजी. गाडी दारात येण्याआधीपासून मी मनातल्या मनात देवाला एकच विनवत होते, मला इथून कुणी नेऊ नये.