तुतीखालची तीन थरांची जागा

प्रिय हदील,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. इरबिदच्या मिनीबसवाल्याच्या हातात देते आहे. त्याला बजावलंय, "वाटेत कुणाला वाचून दाखवलास तर तुझ्या आईच्या कानावर घालीन." तू वाच आणि मग हवं तर चुलीत टाक. चुलीत काय टाकावं हे सांगायला मला तोंड नाही, ते कळतं मला.

आधी तुझ्या नवऱ्याची तक्रार ऐक. तू गेल्याला आज बावीस दिवस झाले. रोज संध्याकाळी ऐहम तुतीखाली खुर्ची टाकून बसतो आणि माल ठेवायच्या जुन्या लाकडी पॅलेटांची बाकं जगभरचे लोक कशी बनवतात ते फोनवर बघतो. नुसतं बघतो! परवा मी म्हटलं, "अरे, हातोडी काय फोनमधून बाहेर येणार आहे?" तर म्हणतो, "आई, आधी नीट समजून घ्यायला हवं." बापही असाच होता. टाकी बांधायची म्हणून चार वर्षं अंगण मोजलं आणि शेवटी गेला, टाकी राहिलीच. मग तू जमवलेली पॅलेटं फोडायला मीच बाह्या सरसावल्या. सदुसष्टाव्या वर्षी.

हदील, हे खिळे कोणत्या मेल्यानं ठोकलेत गं? पिळाचे खिळे, डोकं तुटतं पण खिळा निघत नाही. पहिल्याच दिवशी सहा फळ्या उभ्या चिरल्या माझ्या हातून. नाकी नऊ आले. त्यात शेजारचा अबू रादी रोज चहाचा ग्लास घेऊन कुंपणावर बसतो आणि शिकवतो. नुसता उंटावरचा शहाणा! उंट विकूनही वीस वर्षं झाली, शहाणपण तेवढं शिल्लक आहे. पण खोटं कशाला बोलू, एक गोष्ट त्यानं बरोबर सांगितली. खिळा उपटायचाच नाही, फळी आणि ठोकळा यांच्या फटीत करवतीचं पातं घालून कापून टाकायचा. तेव्हापासून फळ्या अख्ख्या निघायला लागल्या.

आणि त्यानंच मला ठोकळ्यावरचे शिक्के वाचून दाखवले. अकबाच्या बंदरावर चौदा वर्षं काढलीत त्यानं. म्हणाला, "वहिनी, हा शिक्का असला तर लाकूड नुसतं तापवलेलं, खुशाल बसा, झोपा. पण हा दुसरा दिसला तर कीड मारायला विषारी धुरी दिलेली. ते घरात ठेवू नये. आणि जाळायचं तर मुळीच नाही." तशी चार पॅलेटं तू वेगळी काढून भिंतीमागे ठेवली होतीस, लाल फुली मारून. मला वाटलं, फुली मारली म्हणजे टाकाऊ, आणि टाकाऊ म्हणजे जळण. आमच्या घरात लाकडाला तिसरा अर्थच नव्हता.

त्या शुक्रवारी करकहून अकरा पाहुणे आले, सरपण ओलं होतं, शराकची पातळ भाकरी तर साजाच्या उपड्या तव्यावरच भाजायची होती. मी तुझ्या फुलीच्या फळ्या साजाखाली सारल्या. तू बाजारातून आलीस, धूर पाहिलास आणि माझ्या थोरल्या दिरांच्या हातातली भाकरी हिसकावून जमिनीवर फेकलीस. भाकरी, जमिनीवर! रस्त्यात पडलेला तुकडा उचलून कपाळाला लावणारी मी. तू ओरडत होतीस, "खाऊ नका, विष आहे!" आणि मला ऐकू आलं ते एवढंच, की सून चारचौघांत माझ्या हातच्या भाकरीला विष म्हणाली. मग मी बोलले. काय बोलले तेही लिहिते. "बापाच्या घरी जा, या घरात ती फळकुटंसुद्धा तुझी नाहीत." तू अकरा माणसांना वाचवलंस आणि मी तुला घालवलं.

चूक कळली तरी मी काय केलं, तर रीत पाळली. इस्त्रीचे लांब अबाये घातलेल्या आठ पुरुषांची जाहा, समेटाची मंडळी, तुझ्या वडिलांकडे पाठवली. त्यांच्यापुढे आठ कप कॉफी आली आणि तू परत येशील असा शब्द मिळेपर्यंत कपाला हात लावायचा नाही, म्हणून आठही जण बसून राहिले. मग आतून तुझा आवाज आला म्हणे, "हे मला काहीच बोलले नव्हते, मग हे कशाला आलेत?" कॉफी गार झाली, मंडळी परत आली. दीर माझ्यावर चिडले, मी तुझ्यावर चिडले. चार दिवस चिडून झाल्यावर लक्षात आलं, पोरगी बरोबर बोलली होती.

काल जैतुनांच्या डब्याखाली तुझं अंगणाचं चित्र सापडलं, वीजबिलाच्या पाठीवर काढलेलं. खरं सांगते, मला वाटायचं, तुला माझ्या अंगणाचं हॉटेल करायचंय. जंगल बघायला येणारे लोक तुतीखाली बसून चहा पिणार आणि म्हातारी आत, दाराआड. चित्रात सगळ्या बैठका दोन पॅलेट उंच आहेत. भिंतीलगतचा सावलीचा कोपरा तेवढा तीन, आणि शेजारी तुझं अक्षर, "मावशींसाठी. गुडघे." मावशी म्हणजे मी, तुझी सासूच की! हदील, मी ते बिल हातात धरून मोठ्यानं रडले. ऐहमनं फोन खाली ठेवला, यावरून काय ते समज. आज सकाळपासून तो रंधा मारतोय, वाकडा मारतोय, पण मारतोय.

तर लिहिण्याचं कारण हे. येत्या शुक्रवारी मी येते आहे, एकटी. जाहात बाई जात नाही, सासू तर आजवर कुणाची गेलेली नाही. लोक हसतील, हसू देत. तुझ्या वडिलांना सांग, कॉफी माझ्यापुढे ठेवा, पण "घ्या" कुणी म्हणू नका. ते तू म्हणायचं. मी माफी मागेन, तुझ्या आईसमोर, मोठ्या आवाजात. तरी तुझ्या मनात नसेल तर कप तसाच ठेवून साडेतीनच्या बसनं परत येईन, रागावणार नाही. तीन थरांची जागा बांधून झाली आहे. शिक्का दोनदा तपासलाय. अजून मी तिच्यावर बसलेली नाही.

तुझीच मावशी,
उम्म ऐहम