कॉफी कशी करायचीस ते कळव

ओमेन्या, १४ नोव्हेंबर २००६

प्रिय साव्हेरिया वहिनी,

कशी आहेस? तुमच्या दक्षिणेत, सिदेर्नोला, अजून खिडक्या उघड्या टाकून झोपता येत असेल. इथे तळ्यावरचं धुकं दुपारीसुद्धा उठत नाही. समोरचा डोंगर जागेवर आहे की कोणी उचलून नेला, तेही कळत नाही. दुकानात या दिवसांत गिऱ्हाईक कमी. म्हातारी माणसं चष्म्याचा स्क्रू आवळून घ्यायला येतात आणि बोलत बसतात. मी स्क्रू आवळते, काचा पुसते, ऐकते. तुझी शाळा कशी चाललीय? तिकडची पोरं दंगेखोर असतात असं तूच म्हणायचीस, आणि लगेच पुढे, "पण निदान बोलतात तरी. तुमच्याकडची नुसती बघत बसतात."

फोन करणार होते. पण फोनवर तू गप्प राहिली असतीस, तर ते मला ऐकत उभं राहावं लागलं असतं. म्हणून पत्र.

एक छोटंसंच विचारायचं आहे. तू कॉफी कशी करायचीस ते कळव.

हसू नकोस. मला माहीत आहे, कॉफीच्या मोका किटल्या घडवणाऱ्या गावात राहून मी हे विचारतेय. त्यातून माझ्या आईनं सगळं आयुष्य कारखान्यात त्याच किटल्यांना झडपा बसवण्यात घालवलं. पण तिची कॉफी कशी असायची ते तू विसरली नसशील. मधल्या वाटीत अर्धीच कॉफी, खालच्या भांड्यात झडप बुडेल इतकं पाणी, गॅस पूर्ण मोठा, आणि किटली थुंकायला लागेपर्यंत स्वयंपाकघरात फिरकायचं नाही. "कॉफी काय तळ्यात पिकते का?" असं म्हणत म्हणत तिनं आम्हाला जन्मभर तपकिरी पाणी पाजलं. मीही तेच शिकले. तू लग्न होऊन आलीस आणि पहिल्याच रविवारी तुझ्या हातची कॉफी प्यायल्यावर आई म्हणाली होती, "ही मेलेल्याला उठवून बसवेल." तू म्हणालीस, "मग जिवंत माणसाला किती बरं वाटेल, बघा." लिव्हिओदादा टेबलाखाली माझ्या पायावर पाय मारून हसत होता.

तर सध्या मी करून बघतेय, आणि जमत नाहीये. परवा कॉफी जास्त घालून चमच्याने चांगली दाबली. पाणी वर चढेना, कडेनं वाफ शिट्ट्या घालायला लागली. आई आतून ओरडली, "बंद कर गं! ती झडप उडेल, आणि नेमकी मीच बसवलेली असेल!" काल कमी दाबली, तर कप हातात घेऊन म्हणाली, "यात काय केलंस? पाण्याला कॉफीची नुसती आठवण करून दिलीस?"

आई आतून ओरडली असं लिहिलं, कारण ती आतल्या खोलीत असते. तिची खाट तिथे खिडकीशी लावली आहे. तशी ठीक आहे. खाणं कमी झालंय. सप्टेंबरपासून जरा जास्तच कमी. नोव्हाराच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. तिथले डॉक्टर तरुण आहेत, फार सभ्य. मला बाजूला घेऊन म्हणाले, आता पथ्य नको, त्यांना जे आवडतं ते द्या. मी घरी येताना बसमध्ये विचार करत होते की हे किती चांगलं वाक्य आहे, आणि मला रडू का येतंय.

स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, वहिनी. नाताळपर्यंत, असं म्हणाले.

तिला काय आवडतं ते विचारलं, तर म्हणाली, "तिच्यासारखी कॉफी कर."

"कोणाच्या?"

"तुला माहीत आहे कोणाच्या."

"तुला तर ती आवडायची नाही."

"प्यायची कुठे आहे? वास हवाय." आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "सकाळी कामावर जाताना दाराशी थांबायचा, गालाला गाल लावायचा, तेव्हा त्याच्या तोंडाला तो वास असायचा. मला राग यायचा. आता तोच आठवत नाही. त्याचा आवाज आठवतो, वास आठवत नाही."

दादा घरी तुझी कॉफी प्यायचा आणि जाता जाता इथे आईचीही प्यायचा. दोघींनाही सांगायचा, तुझ्यासारखी कुणाला जमत नाही. तुला ठाऊक होतं का हे? आईला होतं.

त्या दुपारबद्दल आपण कधी बोललो नाही. दादाला दफनभूमीत पोचवून आम्ही सगळे तुझ्या घरी आलो, माणसं थंडीनं काकडलेली, आणि तुझी चूल गार. तू खुर्चीत बसून होतीस, कोट अंगातच. आई माझ्या कानात म्हणाली, "हिला घोटभर कॉफीसुद्धा ठेवता येत नाही लोकांना?" आणि तिनं स्वतः गॅस पेटवला. तू उठलीस, गरम किटली नुसत्या हातानं उचललीस आणि खिडकीतून अंगणात फेकलीस. "माझ्या माणसाला ठेवून आत्ता आलोय आपण," तू म्हणालीस, "आणि तुम्ही माझ्या घरात विस्तव पेटवता?" आई म्हणाली, "माझाही मुलगा होता तो. पण लोकांना ताटकळत ठेवायला मी नाही शिकवलं त्याला." त्यानंतर तुम्ही दोघी एकमेकींशी बोलला नाहीत. वसंतात तू बदली मागून निघून गेलीस.

गेल्या वर्षी दुकानात तुमच्याच बाजूची एक म्हातारी आली होती. तिचा नवरा नुकताच गेला होता. म्हणाली, "इथे कोणी कॉफी घेऊन आलंच नाही हो." तिच्या गावी म्हणे ज्या घरात माणूस गेलं, तिथे चूल पेटत नाही. शेजारणी थर्मासमधून कॉफी आणतात, साखर घालूनच, कारण दुःखात माणूस साखर घालायची विसरतो. मी तिचा चष्मा हातात धरून तशीच उभी राहिले. तू त्या दिवशी आमची वाट बघत बसली होतीस. आणि आम्ही तुझी.

हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग तोंड उघडून सांगायचं होतं." आणि संध्याकाळी परत, आपणहून, "मला तरी कुठे सुचलं विचारायचं."

आता खरं ते लिहिते. नाहीतर पत्र संपेल आणि ते राहूनच जाईल.

रविवारी आई म्हणाली, "तिला लिही. कॉफीचं लिही. आणि मग त्या जागेचं."

"कुठल्या जागेचं?"

"वेड पांघरू नकोस, ओर्नेला."

दफनभूमीच्या भिंतीतली, तळ्याकडे तोंड असलेली, दादाच्या शेजारची रिकामी जागा. दादा गेला तेव्हा दोन्ही तू एकदमच घेतल्यास, एक त्याला आणि एक तुला. आईला ती हवी आहे. मी म्हटलं, "तुझी जागा बाबांच्या शेजारी आहे ना, खालच्या बाजूला?" तर म्हणाली, "तुझ्या बापाशेजारी जन्मभर झोपले. घोरायचा. आता पुरे." हसली, आणि हसता हसता दुखलं म्हणून थांबली.

ती जागा तुझ्या नावावर आहे. तू सही दिल्याशिवाय काही होत नाही. कोणी कोणाकडे मागू नये असं हे मागणं आहे, मला कळतं. तू तिकडे आहेस, तुझं वय माझ्याएवढंच, तुझ्यापुढे अजून सगळं पडलंय, असं स्वतःला सांगून मी लिहायला बसले. पण हे तुला सांगायला मी कोण?

हो किंवा नाही, एवढंच कळव. आणि कॉफीचं.

तुझी नणंद,
ओर्नेला


ओमेन्या, १७ डिसेंबर २००६

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वेळेवर आलं. आधीच लिहायला हवं होतं, पण घरात माणसं होती.

तुझं पत्र मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवलं आणि एकेक ओळ वाचत कॉफी केली. तू वर्गात अशीच बोलत असशील. "पाणी झडपेच्या खालीच थांबव. कॉफी चमच्यानं वाटीत सोड, टेकडी होऊ दे, बोट लावू नकोस. वरचं भांडं फिरवताना ती आपोआप बसते. ज्योत बुडाच्या बाहेर दिसता कामा नये. झाकण उघडं ठेव आणि तिथून हलू नकोस, कोणी दार वाजवलं तरी. आधी काळी धार येईल. ती मधाच्या रंगाची व्हायला लागली की उतरव. गुरगुरायची वाट तुझ्या आईनं पाहिली, तू पाहू नकोस. मग किटलीतच ढवळ. दाट ते तळाशी असतं, नाहीतर पहिल्या कपाच्या वाट्याला नुसतं पाणी." शेवटी, त्यात चिकोरी मिसळलीस तर मला कळेल, असंही लिहिलंयस. दोन्ही बाजूंनी भरलेले दोन कागद. पुढे शाळेचं, समुद्राचं, तुझ्या भावाच्या नव्या होडीचं. आणि खाली सही.

जागेबद्दल एक शब्द नाही. मी कागद उलटून पाहिले, पाकीट फाडून उघडून पाहिलं.

पहिल्याच वेळी जमली. वास आतल्या खोलीत माझ्याआधी पोचला. मी कप घेऊन गेले तेव्हा आई उशीला टेकून उठून बसली होती, कोणाच्याही मदतीशिवाय. कप दोन्ही हातांत धरून नाकाखाली नेला आणि डोळे मिटले. मी तिच्याकडे पाहू नये असं वाटलं, म्हणून खिडकीबाहेर पाहत राहिले.

"हाच," ती म्हणाली.

नंतर दोन घोटही घेतले. तोंड वाकडं केलं. "कसा प्यायचा कोण जाणे."

मग कप माझ्याकडे देत म्हणाली, "आणि?"

"आणि काही नाही लिहिलं, आई."

"काहीच?"

"कॉफीचं लिहिलंय. होडीचं लिहिलंय."

ती पांघरुणाची कड सारखी करत राहिली. "म्हणजे नाही," ती म्हणाली. मला वाटलं आता रागावेल, तोंडाला येईल ते बोलेल, आणि मला ते परवडलं असतं. पण ती म्हणाली, "बरं केलं तिनं. मीही नसती दिली."

दुसऱ्या दिवशी मला परत हाक मारली. "तिला कळव की जागेचं माझ्या डोक्यात नव्हतं. ते तुझ्याच डोक्यातून निघालं, असं लिही."

"का म्हणून?"

"उगीच तिच्या जिवाला घोर नको. आधीच काय कमी आहे?"

तर मी लिहिते, वहिनी: जागा माझ्याच डोक्यात आली होती, आईनं मागितली नव्हती. असं लिहायला तिनं सांगितलं, म्हणून लिहिलं. खरं काय ते तुला पहिल्या पत्रातच लिहून चुकले आहे, त्याला आता इलाज नाही. पण तिनं काय सांगितलं, तेही तुझ्यापर्यंत पोचायला हवं असं मला वाटलं.

त्यानंतर रोज सकाळी करत होते. शेवटी शेवटी ती पीत नव्हती. कप खाटेजवळच्या स्टुलावर ठेवायचा आणि निवला की मी प्यायचा. निवलेली फार कडू लागते.

आई आठ तारखेला गेली. सणाचा दिवस, चर्चच्या घंटा चालू होत्या, म्हणून मला नेमका क्षण कळला नाही. मी तुला फोन केला नाही. तू येशील की नाही हे तुला ठरवायला लावायचं नव्हतं. चुकले असेन तर सांग.

घरी माणसं आली तेव्हा मी गॅस पेटवला. आमच्यात पेटवतात. किटली मोठी घेतली आणि कॉफी आईसारखी केली, अर्धी वाटी, खाली भरपूर पाणी. लोक मुकाट्यानं प्यायले. कारखान्यातली तिची जुनी मैत्रीण पाल्मिरा आईचं नाव घेऊन म्हणाली, "अगदी इनेसच्या हातची वाटतेय गं," आणि कप पुन्हा माझ्यापुढे धरला.

तिला बाबांच्या शेजारी ठेवली. तिथे झाडं वाढलीत, तळं दिसत नाही. त्यांचं एवढं काही वाईट नव्हतं, मला वाटतं. दोघांना आमच्यासमोर नीट बोलायची सवयच नव्हती.

येताना मी दादाकडे वर गेले. शेजारच्या जागेवर नुसता दगड आहे, कोरा. त्यावर पाणी झिरपून हिरवं झालं होतं, ते मी रुमालानं पुसलं. तिथे काम करणाऱ्या माणसानं विचारलं, ही कोणाची, इतकी वर्षं रिकामी? मी सांगितलं, माझ्या वहिनीची. तो म्हणाला, आजारी आहेत का? म्हटलं, नाही हो, मुलांना शिकवते.

उद्या तू पुन्हा लग्न केलंस, तिकडेच राहिलीस, इथे कधीच आली नाहीस, तरी मी कोणाला ती जागा देऊ देणार नाही. मी जाऊन पुसत जाईन. पण वहिनी, ती रिकामीच राहू दे, तिथे यायची घाई करू नकोस. मी म्हातारी होऊन मला तो चढ चढवेनासा होईल, तोपर्यंत तरी रिकामी राहू दे.

एवढंच आता मागते.

तुझीच,
ओर्नेला