तोंड कापलेला तुंबा

बाबा, सगळ्यात आधी आली ते माही धाकटी जाऊ. चप्पल काढाच्या आधीच बोलाले लागली, "बाई, पोरीले नदीत सोडून राह्यल्या म्हणते तुमी, खरं हाये का वो?" मागून तिचा नवरा, माहा देर आला, खैरलांजीहून मोटरसायकलवर, कंबर धरून. अंगणात नातीची होडी पालथी पडली होती, लाल, प्लास्टिकची, एका माणसापुरती. देरानं बजारात मटकं ठोकते तशी ठोकून पाह्यली अन् म्हणे, "ह्या टपऱ्यात महिनाभर? एकटी? वैनगंगेतून थेट गोदावरीपर्यंत?" नात आतून ओरडली, "आजोबा, टपरं नाही, कयाक!" मले हासू आलं. आजकाल ते पोरगी दिसली का मले हासूच येते, शेजारीण म्हणते म्हातारीले येड लागलं. लागू दे.

घरात दुसरं कामच नाही, बाबा. भितीवर नदीचा नकाशा, त्याच्यावर काठाची गावं, अन् धरणापाशी होडी उचलून कुठून न्याची ते लाल पेनानं. फुटाणे, पोहे, मीठ, आगपेट्या मेण लावून डब्यात. रोज सकाळी घाटावर जाऊन वल्हे मारते, हाताले फोड येते, मी तेल लावून देतो. तिचा बाप, माहा पोरगा, मलाजखंडले ठेकेदाराकडे कामाले हाये. फोनवर म्हणे, "आजी हौ म्हणन त जा." म्हणजे सगळं माह्या एका शब्दावर येऊन बसलं.

बाबा, मी लहान होती अन् तू निघाला, तवाही अशीच तयारी होती. "नदी आपल्या दारातून जाते, मंग कुठं जाते ते एकडाव पाहून येतो," तू म्हणे. तू लाकडाच्या डोंगीले डांबर लावे, मी फटीत चिंध्या कोंबून देऊ. चुलीपाशी खुंटीवर तुहा भोपळ्याचा तुंबा टांगला होता, खडखडीत वाळलेला, तोंड बंद. पाण्यात उतरताना तू तो कमरेले बांधे, त्याच्यानं माणूस तरंगते. पण वावरात जाणारे लोक तोंड कापलेल्या तुंब्यात पाणी नेते, ते म्या पाह्यलं होतं. मले वाटलं, माह्या बाबाले रस्त्यानं गार पाणी पाह्यजे. विळ्यानं तोंड कापलं, बिया काढल्या, पाणी भरलं अन् तुह्या हातात देला. तू पाहातच राह्यला. मारलं नाही. मंग म्हणे, "लय चांगलं केलं माय," अन् माह्यासमोर त्यातलंच पाणी प्यायला. दुसरा तुंबा वाळाले किती महिने लागते! तू थांबला नाही.

सहाव्या दिवशी दोन माणसं तुले बैलगाडीत घेऊन आली. पडवीत निजवलं, वरतून चादर, बाजूले तुंबा. एक जण म्हणे, "डोंगी धारेत पालथी झाली. तुंबा साबूत असता त गडी पायानं घरी आला असता." आईनं तो हातात घेतला, कापलेल्या तोंडावरून बोट फिरवलं अन् विचारलं, "हे कोणं केलं?"

मी म्हणलं, "बाबानंच."

मरेपर्यंत आई तुले बेअक्कल म्हणत राह्यली, बाबा. चार लोकात म्हणे, सणावाराले म्हणे, जन्म पाण्यात गेला अन् मरताना अक्कल गेली म्हणे. मी भात वाढत ऐकत राह्यली.

यंदा म्या छतावर वेल चढवला. दोन तुंबे वाळवले, तोंड बंद. नात म्हणे, "आजी, लाइफ जॅकेट है ना मेरे पास!" मी म्हणलं, असू दे, बांध. बांधले तिनं होडीच्या मागं. दिवसातून चारदा मी जाऊन चाचपून पाह्यतो, कोणी कापलं त नाही.

देर जाता जाता म्हणे, "वहिनी, तुमच्या बापाले त्याच नदीनं खाल्लं. पोरीले नाही म्हणा."  पोरीले त म्या परवाच हौ म्हणलं, अन् तिनं मले उचलून अंगणभर फिरवलं. बाबा, तुह्यासारखीच दिसते ते वल्हे मारताना. नाही कसं म्हणू? अन् काही झालं त कोणाचं नाव सांगू?

तुंब्याचं तिलेही सांगतलं नाही. हा कागद तुंब्यात घालून तुह्याकडे सोडला असता, पण यंदाच्या तुंब्याले तोंड नाही. पिठाच्या डब्याखाली ठेवतो.

पोरगी रविवारी निघते. जाऊ अन् देर सोमवारी येतो म्हणाले, तिले अडवाले. रविवारचं म्या त्यायले सांगतलं नाही.