शेरा : सर्व ठीक

सोमवार, ३ मार्च

झाला एकदाचा पहिला दिवस! सात महिन्यांनी चष्म्याच्या दुकानात पाऊल ठेवलं आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला दुसऱ्याचा चष्मा दिला. ते बिचारे म्हणाले, “छान आहे हो, पण दारं दोन दिसतायत.” लक्ष सगळं घरी. ठमी एवढीशी, आणि सांभाळायला एकटे सासरे. बाबांनी आयुष्यात लंगोट बदललेला नाही, स्वतःच्या मुलाचासुद्धा! हा म्हणतो, “मी जगलोच ना?” नवऱ्याला सगळंच सोपं.

बाबांनी मात्र वही आखली. पट्टीने. वेळ, दूध, लंगोट, झोप, शेरा. चाळीस वर्षं पाण्याच्या पंपावर होते, तिथे दर तासाला रजिस्टर भरायचं. आज प्रत्येक ओळीपुढे एकच शेरा – सर्व ठीक. वाचून जीव भांड्यात पडला.

मंगळवार, ४ मार्च

सकाळचा चहा गरम असतानाच संपला. सात महिन्यांत पहिल्यांदा! दुकानातून पाच फोन केले. पाचव्याला बाबा म्हणाले, “अगं, तू फोन ठेवलास तर ती झोपेल.”

गुरुवार, ६ मार्च

वीज गेली म्हणून दुकान दुपारीच बंद. घरी आले तर ठमी झोपलेली, बाबा शेजारी बसून पाळण्याला एक बोट लावून. बघून बरं वाटलं. मग वही उचलली.

“४.०० – दूध १२०. ढेकर आला. सर्व ठीक.”

घड्याळात अडीच! न प्यायलेलं दूध, न आलेला ढेकर – सगळं लिहून तयार! मग रोज मी वाचत होते ते काय? वही होती तशी ठेवली आणि चार वाजायची वाट बघितली. चार वाजता ठमीने निम्मंच दूध घेतलं. ढेकर नाहीच.

शुक्रवार, ७ मार्च

याला सांगितलं तर हा हसतोय. “काम वेळेआधी तयार!” माझ्या तळपायाची आग मस्तकात. रजा टाकली आणि पाळणाघर बघून आले. पंधरा मुलं, दोन बाया, फिनाइलचा वास. एक मूल नुसतं भिंतीकडे बघत बसलेलं. तिथे नाही ठेववणार मला. मग उरलं काय? नोकरी सोडणं.

शेवटी बाबांनाच विचारलं. आवाज चढला माझा, खोटं कशाला लिहू. त्यांनी वही जवळ ओढली.

“पंपावर सगळे असंच करायचो गं. आकडे कधी बदलायचेच नाहीत. सकाळीच दिवसभराचं भरून मोकळे.”

“बाबा, ती पंप नाही!”

“नाही ना,” म्हणाले. मग पट्टी उचलत – “तू आल्या आल्या आधी वही बघतेस, मग तिला घेतेस. म्हटलं, वही चांगली असावी.”

तरी बजावलंच. झालं तेच लिहायचं, झाल्यावरच लिहायचं, माझ्यापासून काही लपवायचं नाही. त्यांनी मान डोलावली आणि नवीन पान आखायला घेतलं.

सोमवार, १० मार्च

आता खरं लिहितायत, आणि तेही वाचवत नाही!

“१०.४० – रडली. कारण कळलं नाही. ११.०५ – अजून रडते. मीही घाबरलो. ११.२० – तोंडाने मोटरीचा आवाज काढला. थांबली. ११.२५ – मी थांबलो. परत रडली.”

वाचता वाचता हसू आलं. बाबांचा घसा पार बसलाय. मला वाटतं, जमेल यांना. वाटतं – खात्री नाही.

बुधवार, १२ मार्च

आज दोनच फोन. घरी आल्यावर आधी ठमीला घेतलं, वही जेवणानंतर.

शुक्रवार, १४ मार्च

हॉस्पिटलमधून बाबांचे कपडे न्यायला आले. हा तिथेच थांबलाय. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली गाठ आहे, रक्ताची, पण वेळेत आणलंत. उद्यापर्यंत काही सांगता येणार नाही. ठमी शेजारच्या शिंपीणबाईंकडे, झोपलेली. ओट्यावर वही उघडीच होती.

“१.१० – डावा हात उठत नाही. ठमी पडू नये म्हणून खाली गादीवर ठेवली. दाराची कडी काढली. १.१५ – हाक मारली, शब्द नीट येईना. ताट वाजवलं. १.२० – शेजारच्या बाई आल्या. ठमी त्यांच्याकडे. बाई फोन करताहेत.”

शेऱ्यात, वाकडंतिकडं – “ठमी ठीक.”

पाच दिवसांची पानं उलटून पाहिली. ते जेवले का, झोपले का, कुठे काही दुखलं का – एक ओळ नाही. मीही कधी विचारलं नाही. एकाही फोनवर नाही.